कांबळेबाईंचा संशय

डॉक्टर कांबळेबाई पेशंटच्या डोळ्याआधी त्याच्या बोटांकडे बघत. बोटं तुपकट दिसली की विचारत, "डोळ्यात काय घातलं? दूध, मध का तूप?" पेशंट म्हणे, "काय न्हाय बाई." मग त्या माझ्याकडे वळून म्हणत, "काहीतरी घातलंय." बहुतेक वेळा ते खरं निघे, आणि याचाच मला राग येई.

नव्वदीच्या दशकात बारामतीतल्या त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नवशिका डॉक्टर म्हणून लागलो. बाई मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या, वरकुट्याच्या. एकदा त्यांच्याच गावचे तात्या आले. एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्याला उसाचं पान लागलेलं. बुबुळावर बुरशीचा पांढरा ठिपका होता. बाईंनी थेंब दिले, तासातासाला घालायला सांगितले.

आठवड्याने ठिपका मोठा झाला. बाईंनी तात्यांच्या बायकोला, काशीकाकींना, धरलं. "काकी, थेंब घालता का नुसती बाटली मिरवता?"

"घालते की. घड्याळ बघून घालते."

"मग वाढतंय कशानं? लेकीच्या अंगावरचं दूध घातलं आसंल."

काकींनी पदर ओढून घेतला.

बाईंनी तात्यांना भरती केलं. काकींनी बाटलीला हात लावायचा नाही, असा हुकूम. दिवसा बाई स्वतः थेंब घालू लागल्या, रात्री नर्स आणि मी. तरी ठिपका वाढतच राहिला. मग संशय औषधाच्या दुकानावर आला, दुकान बदललं. मग नर्सवर. शेवटी माझ्यावर. "तुम्ही हात धुता ना नीट?" त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका चिडलो होतो. संशय घ्यायला कोणी उरलं नाही, तेव्हा बाईंनी बुबुळावरची बुरशी खरवडून तपासायला पुण्याला पाठवली.

फोनवर उत्तर आलं. काचेच्या ताटलीत औषधाच्या शेजारीच बुरशी कापसासारखी फुलली होती. बाईंनी फोन ठेवला. "या बुरशीला औषधच लागू पडत नाही," त्या म्हणाल्या, आणि तशाच तात्यांच्या खाटेपाशी गेल्या.

"तात्या, द्राक्षबागेवर काय फवारता?"

"भुरीचं औषध. पानावर बुरशी आली की मारायचंच."

बाईंनी रिकामा डबा मागवला. त्यावरचं औषध आणि आमचे थेंब एकाच घराण्यातले निघाले. बाईंनी फवाऱ्याच्या कंपनीच्या माणसाला बोलावून विचारलं, तर तो हसला. "बाई, द्राक्षाचा न् डोळ्याचा काय संबंध?" तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "शेतातली बुरशी फवाऱ्याला सरावली असणार, म्हणून आपल्या थेंबांनाही दाद देत नाही. पुरावा नाही माझ्याकडं. पण संशय मी सोडणार नाही."

मुंबईहून दुसरं औषध येईपर्यंत बुबुळ फुटलं. तात्या काकींचा हात धरून घरी गेले.

पुढच्या रविवारी बाई मला घेऊन वरकुट्याला गेल्या. तात्या बाजेवर बसले होते, काकी ज्वारी निवडत होत्या. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "काकी, तुमचं काय चुकलं न्हाय. औषधच चाललं न्हाय. मी उगा तुमच्यावर आळ घेतला."

काकींचा हात थांबला. "खरं सांगताय?"

"व्हय."

"म्या कवा तुला बोल लावला?" तात्या काकींना म्हणाले.

"तुमी न्हाय लावला. मीच लावून घेतला. थेंब घालताना हात कापायचा माझा. एखादा बाहीर पडला आसंल, त्यानंच डोळा गेला, आसं वाटायचं. डोळ्याला डोळा लागत न्हाय तवापसनं." एवढं बोलून काकी रडायला लागल्या.

बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. सगळ्यांची उलटतपासणी घेणाऱ्या त्या बाई काकींसोबत ज्वारी निवडू लागल्या. मला बाईंची फार दया आली.

परतताना त्या म्हणाल्या, "तात्यांचा डोळा बुरशीनं खाल्ला. काकींची झोप मी खाल्ली."