मानेवरचा हात

"वेडा कोण होणार?" सरांनी माइकवर विचारलं.

आम्ही समाजकार्याचे विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होतो. समोर खुर्च्यांवर गोंदिया जिल्ह्यातल्या ठाण्यांतून आलेले पोलीस. मनाच्या आजाराचा झटका आलेल्या माणसाशी पोलिसांनी कसं वागावं, याचं ते प्रशिक्षण होतं. मला ते फार मोठं काम वाटलं होतं. मी शर्टला इस्त्री करून आलो होतो.

कोणी पुढे झालं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू कर रे. तुझ्या घरी आहेच. तुला शिकवावं लागणार नाही."

माय आजारी असते, हे मी सरांना एकदाच सांगितलं होतं. त्यांच्या केबिनमध्ये, दार लावून. ते त्यांनी माइकवर सांगितलं. खुर्च्यांमधून हसू आलं. फार मोठं नाही. पुरेसं.

मी पुढे गेलो. नाही म्हणायची सवय नव्हती. आमच्या घरातला कॉलेजात आलेला मी पहिला. साहेब लोकांनी काही सांगितलं की माझं डोकं आपोआप हलतं.

नागपूरहून आलेल्या डॉक्टर मॅडम चांगलं शिकवत होत्या, हे खरंच आहे. आवाज खाली ठेवा. गर्दी करू नका. काठी बाजूला ठेवा. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका. मग त्यांनी प्रसंग समजावला. मी आरडाओरड करायची. पोलीस येणार, कागदावरचं वाक्य म्हणणार. तिसऱ्यांदा म्हटलं की मी शांत व्हायचं, खुर्चीवर बसायचं, पाणी प्यायचं. तेव्हा फोटो.

पोलीस म्हणून एक हवालदार उठला. उठताना त्याने पट्टा वर ओढला, आणि मी त्याला ओळखलं. दवनीवाड्याकडच्या आमच्या गावात तो आला होता. त्याने मला ओळखलं नाही. काऊन ओळखेल?

मी बारावीत होतो तेव्हाची गोष्ट आहे. आमची माय दुसऱ्यांच्या शेतात, बांधीच्या चिखलात, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करायला जाते. त्या वर्षी तिची झोप गेली. रात्रंदिवस बोलायची. घरात भांडी फेकायची, उपाशी राहायची. तेव्हा कोणी फिरकलं नाही. मग एका दुपारी ती चिखलाच्या पायांनी बांधीतून निघाली आणि मालकाच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या दारात आम्हाला पाणी वरून ओततात, ओंजळीत. माय मोठ्याने विचारू लागली.

"माह्या हातचा धान चालते. माह्या हातचं पाणी काऊन नाही चालत?"

तेवढंच. पुन्हा पुन्हा. सगळं गाव ऐकत होतं.

पोलिसांची जीप आली. आली ती माय आजारी होती म्हणून नाही. मालकाच्या दारात उभी होती, म्हणून आली.

याच हवालदाराने तिची मान मागून धरली. तोंड खाली दाबलं. "लय पाणी पाहिजे ना तुले? चाल, पाजतो." जीपमध्ये सीट रिकामी होती. तिला पोलिसांच्या पायांजवळ बसवलं. ठाण्याच्या व्हरांड्यात तिच्याच पदराने तिचे हात बांधले. एक जण म्हणाला, नाच. दुसरा टाळ्या वाजवू लागला. माय भ्याली आणि तिला बसल्या जागी लघवी झाली. मग हात सोडले. फरशी पुसायला. त्याच पदराने.

बाबा हात जोडून उभे होते. मी मायच्या चपला हातात धरून उभा होतो.

आता हॉलमध्ये मला आरडाओरड करायची होती. मला येईना. घशातून काहीतरी निघालं.

"ज़ोर से," मागून कोणीतरी म्हणालं. "ये तो पढ़ा-लिखा पागल है."

हशा झाला. एकाने चहाबरोबरचं बिस्किट माझ्या पायांशी फेकलं. "खा ले, खा ले." मॅडम म्हणाल्या, प्लीज. सर हसत होते. साहेबांच्या रांगेत बसलेल्या माणसाला जसं हसावं लागतं, तसं.

हवालदार आला. काठी त्याने शिकवल्याप्रमाणे खुर्चीवर ठेवली. डाव्या हातात कागद.

"भाऊ, मी तुमच्या मदतीला आलो आहे. तुम्ही सुरक्षित आहात."

शाळेतल्या मुलासारखं वाचलं. वाचता वाचता त्याचा उजवा हात माझ्या खांद्यावर आला. तिथून सरकला. मानेवर गेला. अंगठा कानाखाली, बोटं पलीकडे. आणि आवळला. त्याचं त्यालाच कळलं नसावं. तोंड कागदावरचं बोलत होतं. हात आपलं जुनं काम करून राहिला होता.

दुसऱ्यांदा वाचलं. माझं डोकं खाली गेलं होतं. मला फक्त त्याचे बूट दिसत होते. मायलाही एवढंच दिसलं असेल.

तिसऱ्यांदा वाचलं. आता मी शांत व्हायचं होतं.

मी झालो नाही.

"माह्या हातचा धान चालते," मी म्हणालो. आधी हळू. मग पूर्ण आवाजात. "माह्या हातचं पाणी काऊन नाही चालत?"

कोणीतरी म्हणालं, "वा, क्या डायलॉग है." पण मानेवरची बोटं थांबली. हवालदार माझ्या कानाशी वाकला.

"तू तिचा पोट्टा होय काय?"

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बस कर आता. फोटो काढून राहिले." बोटं पुन्हा आवळली. आता त्याला कळत होतं.

मी साहेबांशी बोलताना सुरुवात नेहमी 'सॉरी सर'ने करतो. त्या दिवशी ती केली नाही.

"पहिले हात काढा."

"नाटक आहे रे बाबू."

"तुमचा हात नाटक नाही करून राहिला. काढा."

मॅडम पुढे आल्या. त्यांनी पाहिलं. "याची मान सोडा," त्या म्हणाल्या. हवालदाराने सोडली आणि तो हसला.

"आदत आहे, मॅडम."

सगळा हॉल हसला.

मला भिंतीशी पाठवलं. माझ्या जागी वर्गातला दुसरा मुलगा उभा राहिला. तो तिसऱ्या वाक्याला शांत झाला. पाणी प्याला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. शेवटी हवालदाराला प्रमाणपत्र मिळालं.

बाहेर सरांनी मला गाठलं. पोलिसांनी आपल्याला बोलावलं आणि तू त्यांचाच अपमान केला, म्हणाले. आत जाऊन माफी माग. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याच हातात आहेत, हे विसरू नको.

"नाही मागणार," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा माय तांदूळ निवडत होती. आता ती गोळ्या घेते, झोपते, कामाला जाते. तिने माझ्या मानेवरचे बोटांचे वळ पाहिले. काय झालं, असं विचारलं नाही. तिचा हात तिच्याच मानेवर गेला आणि तिथेच राहिला.

माय पुन्हा आजारी पडू शकते, असं डॉक्टर म्हणतात. पडली तर जीप येईल. या खेपेला मी चपला धरून उभा राहणार नाही. अशा माणसाला कोठडीत ठेवायचं नाही, दवाखान्यात न्यायचं, असं कायद्यात आहे. ते मी पाठ केलं आहे. मी मधे उभा राहीन. हवालदार नवं वाक्य म्हणेल. कदाचित छान म्हणेल. मी ऐकणार नाही. मी त्याचा हात पाहीन.

पण जीप मायसाठीच यावी, हेही मला आता मंजूर नाही. तिचा प्रश्न तिने झोप गेल्यावर विचारला, म्हणून त्याला वेड म्हणता आलं. यंदा रोवणा लागला की मी मालकाच्या त्या दारात जाईन. इस्त्रीचा शर्ट घालून, रात्रभर नीट झोपून. आणि तोच प्रश्न विचारीन, पूर्ण शुद्धीवर.

मग येऊ दे जीप.