कुकरची शिटी असलेलं गाणं

त्या अल्बममधल्या तिसऱ्या गाण्यात मध्येच कुकरची शिटी होते. गिटार थांबत नाही. मग एका बाईचा आवाज येतो, "बंद करा रे, बाजूचे भाऊ नाइट ड्युटी करून झोपलेत." गाणारा मुलगा हसतो, पण ओळ सोडत नाही. हसत हसतच ती पूर्ण करतो. मी हे गाणं इतक्यांदा ऐकलं आहे की आता कुठेही कुकरची शिटी ऐकली की मी पुढच्या ओळीची वाट बघतो.

चंद्रपूरजवळच्या भद्रावतीच्या एका खाण कॉलनीतल्या मुलांचा हा बँड. त्यांनी तो अल्बम क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर मोबाइल ठेवून रेकॉर्ड केला होता. ड्रम पूर्ण नव्हते, म्हणून एकजण धान्याची पत्र्याची कोठी बडवतो. दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी "थांब बे, तार तुटली" म्हणतं, तेही तसंच ठेवलं आहे. अशा गाण्याला पंक रॉक म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की बाजारात लांब गेलेल्या माणसाला हाक मारावी तसं हा मुलगा गातो.

अल्बम मला माझ्या रूममेटने मोबाइलवर दिला. तो सिरोंचाकडचा, घरी तेलुगू बोलणारा. त्याचा एक नातेवाईक त्या कॉलनीत राहायचा, त्याच्याकडून आला होता. रूममेटने तो मला मुद्दाम ऐकवला, कारण माझं तेव्हा कॉलेजात काय चाललं होतं ते त्याला माहीत होतं.

मी अहेरीच्या बाजूच्या गावातला. वडील तलावात मासे धरतात, उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मीच पहिला. चंद्रपूरच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला उभं करून ओळख सांगायला लावली. मी म्हणालो, "मले मासे पकडता येते." वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण म्हणाले, "मले नाही, मला." त्या दिवसापासून माझं नावच 'मले' पडलं. मेसमध्येसुद्धा, ए मले, भात सरकव. कोणी वाईट मनाने म्हणत नसावं. पण मी वर्गात बोलणं बंद केलं. उत्तर येत असलं तरी मान खाली घालायचो, कारण तोंड उघडलं की आधी ते चुकीचं निघणार आणि मग उत्तर.

आणि त्या तिसऱ्या गाण्याची सुरुवातच अशी होती:

"मले काऊन पुसता, कुठचा आहेस म्हणून? मी इथचाच आहो, इथीच उभा आहो."

मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी इअरफोन काढला आणि पुन्हा घातला. मले हा शब्द गाण्यात येऊ शकतो, तोही विनोदासाठी नाही, रागाने येऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो मुलगा त्या शब्दावर सगळ्यात जोरात ओरडत होता. आवाज तिथे फाटत होता, तरी त्याने ते पुन्हा रेकॉर्ड केलं नव्हतं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईबाबांना ते ऐकवलं. आईने विचारलं, "हे गानं होय का भांडन?" बाबा मात्र जाळं शिवता शिवता थांबले. "हा तं आपल्यासारखाच बोलते," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मोबाइलमंदी असं बोललेलं चालते का?"

चालते, असं मी सांगितलं. अगदी खात्रीने सांगितलं.

दुसऱ्या वर्षी सेमिनार होता. मी आमच्या तलावातल्या माशांवर बोललो आणि माझ्या भाषेत बोललो. आदल्या दिवशी ते गाणं ऐकून ठरवलं होतं की अडखळायचं नाही. मागच्या बाकांवर थोडं हसणं झालं, पण मरळ आपल्या पिल्लांची राखण कशी करते ते सांगायला लागलो तेव्हा ते थांबलं. सरांनी नंतर सांगितलं, विषय चांगला होता, भाषा सुधार. मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, एक डाव तर जिंकलो.

त्याच सुमारास तो बँड पुण्याला गेला. काही महिन्यांनी ते गाणं नव्याने आलं. चांगल्या स्टुडिओतलं, खरे ड्रम असलेलं, स्वच्छ. "मला का विचारता, कुठला आहेस म्हणून? मी इथलाच आहे." कुकर नव्हता. बाईही नव्हती. जुना अल्बम त्यांनी इंटरनेटवरून काढून टाकला. नवं गाणं मात्र सगळीकडे वाजायला लागलं. मला 'मले' म्हणणारी मुलंसुद्धा ते गुणगुणायची. रूममेट म्हणाला, "तुमचं भांडण 'मला' आणि 'मले'चं. माझं तर दोन्ही उसनं." मी हसलो, पण मला ते लागलं होतं. तरी मी मनाला समजावलं की कुणीतरी त्यांना तसं करायला लावलं असेल.

शेवटच्या वर्षी ते चंद्रपूरला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आले. आम्ही दोघं गेलो. ते गाणं सुरू झालं तेव्हा सगळं मैदान "मला का विचारता" म्हणत होतं. मी मले काऊन म्हणत होतो. पुढच्या रांगेतल्या मुलीने वळून बघितलं, आणि मग मी ओठच हलवले.

कार्यक्रम झाल्यावर रूममेटने मला स्टेजच्या मागे ढकललं. तो गाणारा मुलगा कनातीजवळ पाणी पीत उभा होता. आजूबाजूला सेल्फी चालले होते. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं की तुमचा तो जुना अल्बम, कुकरवाला, अजून माझ्याकडे आहे.

त्याचा चेहरा बदलला. आणखी कोणाकडे आहे, असं त्याने विचारलं. मग खांद्यावर हात ठेवून मला बाजूला नेलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "भाऊ, तो डिलीट कर. कोणाला पाठवू नको, प्लीज."

"काऊन?" मी विचारलं.

त्याने मागे कोण आहे का ते बघितलं. "मले लाज वाटते बे ते ऐकून."

तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. तो वळून म्हणाला, "हो, मला दोन मिनिटं द्या," आणि गेला.

परतताना रूममेट म्हणाला, निदान एकदा तरी मले म्हणाला ना. त्याला मला हसवायचं होतं. मी विचार करत होतो की त्याच एका ओळीवर मी उभा राहिलो, आणि जो आधी तिथे उभा होता तो केव्हाच खाली उतरून गेला होता. मला कोणी सांगितलंही नव्हतं.

अल्बम मी डिलीट केला नाही. पण पुढे तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि त्यांनी विचारलं, हा विषय का घेतला. मी म्हणालो, मला तलावाची आवड आहे. मला. सहज निघालं, अडखळलोही नाही. ते म्हणाले, तू गावाकडचा वाटत नाहीस. मी थँक यू म्हणालो. हे लिहितानाही सगळीकडे 'मला'च लिहितो आहे, ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

परीक्षेनंतर घरी गेलो. बाबा ओसरीवर जाळ्यातला गुंता सोडवत होते. मला बघून म्हणाले की आलापल्लीच्या एका लग्नात त्या पोराचं गाणं वाजलं, त्यांनी आवाजावरून ओळखलं. बाजूला बसलेल्यांनाही सांगितलं, माझ्या पोराने आधीच ऐकवलं होतं म्हणून.

"सुधरला तो," बाबा म्हणाले. "तुयासारखा बोलाले लागला."

त्यांच्या तोंडावर कौतुक होतं, आणि ते त्याच्यापेक्षा माझंच जास्त होतं. ते म्हणाले लाव, म्हणून मी मोबाइल काढला आणि जुन्या अल्बमवर बोट ठेवलं.

"ते नाई, नवं लाव," बाबा म्हणाले. "जुन्यात तो कुकर मधातच वाजते."

मी नवं लावलं.