मीटरमावशी आणि घड्याळजींचा डबा

माझी मावशी वीज कंपनीत मीटर वाचते. एकतीस वर्षं झाली. लिफ्ट असली तरी ती जिन्यानेच चढते, कारण मीटर बहुतेक वेळा जिन्याखाली असतात आणि लिफ्टमधून जिना दिसत नाही. कुणी मीटरसमोर चपलांचं कपाट सरकवलेलं असतं, कुणी जुनी गादी उभी केलेली असते, एका गृहस्थांनी तर मीटरवर सासऱ्यांचा फोटो टांगला होता. मावशी दारात उभी राहून भिंतीकडे एकदा बघते आणि म्हणते, "फोटोमागे असेल बघा." सगळे तिला मीटरमावशी म्हणतात. सख्खी भाची असून मीसुद्धा म्हणते.

सुट्टीच्या दिवशी तरी बाईने पाय वर करून पडावं की नाही? ती जिओकॅशिंगला जाते. खेळ असा की कुणीतरी एक लहानसा डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवतो. बाकीच्यांनी ते आकडे फोनमधल्या जीपीएसला द्यायचे, तिथवर जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून यायचं. बक्षीस शून्य. जित्याची खोड, दुसरं काय! गाडी मी चालवते, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

माझं मत पहिल्यापासून असं, की यात शोधायचं काही उरलेलंच नाही. आभाळातले उपग्रह बोट धरून नेतात आणि आपण पोचल्यावर टाळ्या पिटतो. मावशी या मताला भीक घालत नाही. "यंत्र घरापर्यंत नेतं गं," ती म्हणते, "घरात मीटर कुठे दडवलाय ते नाही सांगत."

या बाबतीत माझ्या बाजूचा माणूस एकच, घड्याळजी. मावशीच्या रोजच्या वाटेवर त्यांचं दुकान. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबावं, एवढंच. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळात वाकलेले असायचे आणि मान वर न करता मावशीला म्हणायचे, "काय मीटरबाई, यंत्राने काय दिवे लावले या आठवड्यात?" त्यांची एकुलती एक मुलगी मावशीबरोबर डबे शोधायला यायची. तिलाही ते सोडत नसत. तुमचा खेळ म्हणजे उत्तरं समोर ठेवून पेपर लिहिणं, असं त्यांचं म्हणणं. मुलगी एकदा चिडून म्हणाली की मग बाबा, एक डबा तुम्हीच लपवून दाखवा.  घड्याळजी नुसते भिंग पुसत बसले.

पुढच्याच महिन्यात त्यांनी खरंच डबा लपवला, आणि त्यात ठेवलं मुलीच्या आईचं मनगटी घड्याळ. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते चावीचं घड्याळ घड्याळजी रोज सकाळी चावी देऊन चालू ठेवत. मुलीच्या वाढदिवशी त्यांनी तिच्या हातात एक चिठ्ठी ठेवली, तीवर फक्त आकडे. हुडकून काढ, घड्याळ तुझं, म्हणाले. वाढदिवस गुरुवारी होता, शोधायला रविवारी जायचं ठरलं, आणि शनिवारी दुकानातच घड्याळजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

दोन आठवडे कुणाला डब्याची आठवणही झाली नाही. जिवावरचं टळल्यावर मुलगी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आली. आकडे मीच वहीत उतरवून घेतले आणि फोनमध्ये टाकले. फोनने आम्हाला पोहण्याच्या तलावामागच्या गाड्या लावायच्या जागेत नेऊन उभं केलं. आम्ही खांबांच्या बुडाशी हात घातले, कठड्याच्या नळ्यांत वाकून पाहिलं, कचऱ्याचे डबे उलटे केले. पुढच्या रविवारी खेळातले आणखी चार जण आले, त्याच्या पुढच्या रविवारी सात. तलावाचा रखवालदार आमच्याकडे बघून डोक्याला हात लावायचा. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की झाडलोट करणाऱ्याने डबा उचलून टाकला असणार.

मुलीने वडिलांना ते सांगितलं. घड्याळजींनी डाव्या हाताने चिठ्ठीवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. बोलायला गेले तर नुसता आवाज निघाला. त्या दिवसापासून त्यांनी जेवण कमी केलं, व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंना हात लावू देईनात. डॉक्टर म्हणाले, मनात काहीतरी अडकलंय, ते सुटेपर्यंत सुधारणा कठीण आहे. मुलगी मावशीला म्हणाली, "तुमच्या खेळापायी आईचं घड्याळ गेलं, आणि आता बाबाही चाललेत." मावशी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही. त्या दिवशी तिने ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिने पायातले बूटही काढले नाहीत, तशीच खुर्चीत बसून राहिली.

त्यानंतर आठेक दिवसांनी तिची दुकानाच्या मीटरची पाळी आली. दुकान बंद, पण मीटर बाहेरच्या भिंतीला. तिने आकडा घेतला, वळली, आणि दारावरच्या पाटीशी थबकली. पाटी घड्याळजींच्या हातची. दुकान उघडण्याची वेळ ९.३०.

तिने तिथूनच मला फोन केला. कामाच्या वेळेत ती फोन करत नाही, म्हणून मी घाबरतच घेतला. "चिठ्ठीवरचा पहिला आकडा वाच," ती म्हणाली. मी वहीतून वाचला: अंशांनंतर पंचेचाळीस, मग ठिपका, मग तीस. "अगं, हा माणूस घड्याळजी आहे," मावशी म्हणाली. "पंचेचाळीस मिनिटं, तीस सेकंद. साडेनऊ लिहावेत तसं लिहिलंय त्याने!"

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. अक्षांशाच्याही एका अंशाची साठ मिनिटं आणि मिनिटाचे साठ सेकंद असतात. घड्याळजींचे तीस हे साठातले तीस, म्हणजे अर्धं मिनिट. फोनने ते धरले शंभरातले तीस. दुसऱ्या, रेखांशाच्या आकड्याच्या शेवटी दोन शून्यं होती, तो कसाही वाचला तरी बरोबरच. तेवढ्या एका ठिपक्यापायी आम्ही सरळ उत्तरेला जायचं सोडून पावणेचारशे मीटर अलीकडे तीन रविवार कचरा उपसत होतो. आयुष्यभर ज्याने साठाच्याच हिशेबात विचार केला, त्याच्या हातून हे झालं यात नवल नाही. आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, याची मला लाज वाटली.

त्याच दुपारी आम्ही गेलो. नवा आकडा निघाला बंद पडलेल्या पंपघराच्या आवारात. जागा मोठी, पडकी, गवत गुडघ्याएवढं. सेकंदात मोजलेली जागा तीस मीटर इकडेतिकडे होऊ शकते, त्यामुळे फोन एकदा विहिरीकडे बोट दाखवायचा, एकदा फाटकाकडे. मी गवतात शिरले. मावशीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर ओळीने पाच जुने मीटर, वीज कधीच तोडलेली. "इथे चार होते," ती म्हणाली. "बंद करताना शेवटचे आकडे मीच घेतलेत." पाचव्याचं झाकण तिने नखाने उचकटलं. आत मीटरची चाकं काढून टाकलेली, त्या जागी पत्र्याचा चपटा डबा, त्यात कापसात गुंडाळलेलं घड्याळ. घड्याळजींनी जुना मीटर पैदा करून, पोखरून, इतका बेमालूम बसवला होता की मावशीने तोंडभर हसून त्याला हात जोडले. आल्यापासून अकरा मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, चल, आत्ताच नेऊन देऊ. मावशीने डबा बंद केला, परत मीटरमध्ये ठेवला आणि झाकण लावलं. कागदावर सहीसुद्धा केली नाही. मी वैतागले. तिकडे माणूस जेवत नाही आणि ही इथे नियम पाळत बसली आहे! तिने रुमालाने झाकणावरचे बोटांचे ठसे पुसले. "त्याने ते तिच्यासाठी लपवलंय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की आकडा टाकताना आमच्याकडून चूक झाली, चल. हे 'आमच्याकडून' म्हणजे माझ्याकडून. तरी मी गाडी काढली. पंपघरात मुलीने आधी विहिरीचा काठ चाचपला, मग पाइपांचा ढीग उपसला, मग रडवेली होऊन पायरीवर बसली. मला सांगावंसं वाटत होतं, पण मावशीने माझा दंड धरून ठेवला होता. सव्वा तास गेल्यावर मुलीची नजर मीटरच्या ओळीवर गेली. चार मीटरच्या काचा धुळीने मळलेल्या, एकाची स्वच्छ. वडिलांना काच पुसल्याशिवाय चैन पडत नसे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? झाकण उघडून डबा हातात घ्यायला आणखी पाव तास गेला, कारण झाकण कुठून उचकटायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

आम्ही तशाच त्यांच्या घरी गेलो. घड्याळजी खिडकीपाशी खुर्चीत होते. मुलीने घड्याळ बांधलेलं मनगट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डाव्या हाताने ते जवळ ओढलं, घड्याळ कानाला लावलं. बंदच होतं. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी, घसरत, अडखळत, त्यांनी चावी दिली. मुलगी हलली नाही. टिकटिक सुरू झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. दीड महिन्यात आम्हाला कळतील असे पहिले शब्द त्यांच्या तोंडून निघाले.

"किती... वेळ?"

"दीड तास लागला, बाबा," ती रडत म्हणाली. "फोन हातात असून."

त्यांच्या चेहऱ्याची अर्धी बाजू खुलली. त्यांनी मान वळवून मावशीकडे पाहिलं, खूप जोर लावला.

"मीटर... बाई? तुम्हाला?"

मावशी पुढे झाली आणि त्यांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"मला नाही सापडला, घड्याळजी," ती म्हणाली. "मी हरले."

घड्याळजी हसायला लागले. मोठ्याने, वाकड्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी मुलीला खुणेनेच जेवणाचं ताट आणायला सांगितलं.