सहा पाकळ्यांचा काउंटर

देवळाली प्रवरेत रस्त्याला लागून मी पत्र्याचं एक दुकान टाकलं होतं. इंजिनांची किरकोळ दुरुस्ती, दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या, बैलगाडीच्या पट्ट्या, जे येईल ते काम. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. हे काम मला कोल्हारच्या एका मिस्त्रींनी शिकवलं. त्यांच्या ओसरीवर बसून मी दोन वर्षं शिकलो आणि मग त्यांनीच मला सांगितलं, "आता जा. हितं बसून माझं बघत राहिलास तर तुझा हात तयार व्हायचा न्हाई."

मिस्त्रींचं सगळं काम सुबक असायचं, पण काउंटर मारावा तो त्यांनीच. पट्टीला भोक पाडलं की त्याचं तोंड उतरतं करायचं, म्हणजे स्क्रूचं डोकं त्यात बुडून सपाट बसतं. पाहणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी सागाच्या फळीवर एक भोक इतकं खोल नेलं की स्क्रू आरपार निघाला. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी स्क्रू उलटा धरला आणि त्याचं डोकं भोकाच्या तोंडावर टेकवून दाखवलं. "हे तोंड आन् हे डोकं, दोन्ही एकसारखी झाली की थांबायचं. लाकडाला केसभर खाली गेलं तर चालतं. लोखंडाला तेबी न्हाई."

ड्रिलच्या तोंडाला लावायचा बिट कोणता घ्यायचा, तेही त्यांनीच सांगितलं. लाकडाला बऱ्याच धारांचा चालतो, फक्त तो बोथट नसावा, नाहीतर लाकूड कापायच्या ऐवजी फाटतं. लोखंडाला कमी धारांचा. हळू फिरवायचा, तेलाचा थेंब सोडायचा आणि अंग टाकून दाबायचा. दाब कमी पडला की बिट उड्या मारतो आणि भोकाला कंगोरे पडतात.

त्यांचा स्वतःचा बिट मात्र यातल्या कशातच बसत नव्हता. जुना होता, एक धार तुटलेली, दगडावर घासून घासून आखूड झालेला. लोखंडात तो कितीही जपून फिरवला तरी भोकाच्या उतारावर सहा पुसट पाकळ्या उठायच्या, आणि त्यातली एक अर्धीच. स्क्रू बसला की त्या झाकल्या जात. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, नवा घ्या की." ते म्हणाले, "स्क्रू सपाट बसतोय ना? मग." हाताने फिरवायचं ड्रिल होतं त्यांचं. तीन फेरे, थांबायचं, कीस उडवायला एक फुंकर, परत तीन फेरे. काकी, म्हणजे त्यांची बायको, समोर बसून पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. तीस वर्षं दोघं अशीच समोरासमोर बसत आली होती.

बहात्तरच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. दुपारी काम करता करता भिंतीला टेकले आणि तसेच राहिले. मी मातीला गेलो, तेराव्यालाही गेलो. त्यानंतर काही दिवसांनी मनाचा हिय्या करून काकीकडे गेलो आणि म्हटलं, त्यांची आठवण म्हणून तो तुटका बिट मला दिला तर बरं होईल.

काकी दारातच उभी होती. म्हणाली, "पेटीच न्हाई राहिली, भाऊ. नदीत सोडली. त्येंच्या संगंच गेली."

परत येताना सायकल पुलावर थांबवली आणि खाली पाहिलं. प्रवरेला त्या वर्षी पाणी कुठलं! नुसती वाळू, आणि एका कडेला डबक्यात बसलेल्या दोन म्हशी. लोखंडी अवजारांची ती जड पेटी हिने सोडली तरी कशात, हा विचार तेव्हाच माझ्या मनात आला होता. पण दुःखातल्या बाईला असं विचारायचं कसं?

पाऊस आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, तशी लोकांनी इंजिनं खाली उतरवून बसवायला सुरुवात केली. इंजिनाखाली लाकडी ओंडके आणि त्यावर लोखंडी पट्ट्या, हे काम माझ्याकडे येऊ लागलं. एका सकाळी राहुरीच्या पलीकडचा एक शेतकरी सायकलला बांधून एक पट्टी घेऊन आला. ती थोडी वाकवून हवी होती. मी ती उजेडाला धरली आणि हातातली पक्कड खाली ठेवली.

चार भोकं होती. लोखंड अजून चकचकीत होतं, तेलाचा ओशटपणा बोटाला लागत होता. प्रत्येक भोकाच्या उतारावर सहा पाकळ्या होत्या. सहावी अर्धी.

"ही भोकं कुणी पाडली?"

"कोल्हारच्या मिस्त्रीनं. का? चुकली का काय?"

"कधी?"

"परवा टाकली वसरीवर. काल नेली. आतनं मशीनचा आवाज येत हुता, म्हनलं कामात हायेत, कशाला बोलवा."

मिस्त्रींना जाऊन दोन महिने झाले होते. मी त्याला ते सांगितलं. त्याने पट्टीकडे बघितलं, आणि ती वाकवून न घेताच सायकलला बांधून तो निघून गेला. ती पट्टी त्याने इंजिनाखाली घातली की फेकून दिली, मला ठाऊक नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत असली कामं मी आणखी दोनदा पाहिली. एका पेटीची बिजागरी, आणि एका बैलगाडीची कडेची पट्टी. दोन्ही ताजी होती. रात्री अंथरुणावर पडलो की त्या पाकळ्या डोळ्यांपुढे यायच्या. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हतो, पण हात ओळखत होतो. कुणाचं हस्ताक्षर ओळखावं, तसं मला ते भोक ओळखू येत होतं. मग खडी फोडायला जाणाऱ्या बायका माझ्या दुकानासमोर थांबून आपसांत बोलताना कानावर आलं, की कोल्हारात मेलेला मिस्त्री भर दुपारी काम करतो, आणि त्या गल्लीतनं आता कुणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी निघालो. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गाव ओस पडलं होतं. धडधाकट माणसं दुष्काळी कामावर, म्हातारी सावलीला झोपलेली. मिस्त्रींच्या गल्लीत एकही दार उघडं नव्हतं. ओसरीवर दोन पट्ट्या आणि एक लाकडी चौकट पडली होती, त्यावर खडूच्या खुणा होत्या. दाराला बाहेरून कडी नव्हती.

आतून आवाज येत होता.

तीन फेरे. थांबणं. फुंकर. परत तीन फेरे.

फुंकर ऐकली तेव्हा मी ओसरीखालीच थांबलो. ड्रिल कुणीही फिरवील, पण ती लांब, दातांतून सोडलेली फुंकर त्यांचीच होती. सायकलीवर बसून निघून जावं असं फार वाटलं. मग आवाज थांबला आणि आत कुणीतरी हळूच बोललं. बाईचा आवाज.

"बास का?"

मग शांतता. उत्तर ऐकायला माणूस थांबतो, तेवढीच.

"आजून येक? बरं."

आणि एकच फेरा फिरला.

मी ओरडलोच, "काकी!"

सगळं थांबलं. बऱ्याच वेळाने दार थोडं उघडलं. काकीने मिस्त्रींचा चष्मा लावला होता, दोऱ्याने कानामागे बांधलेला. पदर खोचलेला, हात तेलाने काळे. तिने गल्लीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मला आत घेतलं.

आत मिस्त्रींचं बसायचं गोणपाट, ओसरीवर असायचं तसंच, अंथरलेलं होतं, रिकामं. पेटी त्याच्या शेजारी उघडी. काकी त्याच्या समोर, नेहमीसारखी बसली. पट्टी तिने पुन्हा दोन्ही पायांखाली दाबून धरली.

"खोटं बोलले मी तुमाला," ती म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर त्यो बिट तुमाला द्यावाच लागला असता. मग मी काय करू? खडी फोडायला जाऊ?"

"पण असं लपून का? लोक काय काय बोलतायत."

"बाईनं पाडलेल्या भोकाचं इंजिन कोन बसविल? त्येंचं काम हाय म्हनूनच आनतात." मग जरा थांबून म्हणाली, "आन् त्येंचंच हाय. मी नुसतं फिरविते. कुटं थांबायचं, त्ये सांगतात."

मी रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं. तीस वर्षं समोर बसून पट्टी धरलेली बाई. तिच्या तळहातांना ते सगळं पाठ झालं असेल, फुंकरीसकट, असं मी स्वतःला समजावलं. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिने ड्रिल माझ्याकडे सरकवलं. "एक तुमी मारा."

ती उठून आत चुलीकडे चहा ठेवायला गेली. मी पट्टी गुडघ्याखाली घेतली, तेल सोडलं आणि फिरवू लागलो. तेवढ्यात मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली. पट्ट्याची फटफट इतकी की मला माझ्याच ड्रिलचा आवाज ऐकू येईना. मी अंदाजाने फिरवत राहिलो.

"थांबा!" काकी आतून ओरडली. तिची पाठ माझ्याकडे होती आणि हात चुलीत. "खोल गेलं, म्हनतात."

मी बिट उचलला, स्क्रू उलटा धरून डोकं टेकवलं. भोकाचं तोंड डोक्यापेक्षा केसभर मोठं झालं होतं.

त्या गिरणीच्या आवाजात तिने कसं ऐकलं, हे मला आजही सांगता येत नाही. मी चहा प्यायलो, पण त्या गोणपाटाकडे पुन्हा पाहिलं नाही.

यानंतर मी एवढंच केलं, की माझ्याकडची काउंटरची कामं तिच्याकडे नेऊन देऊ लागलो. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगायचो, एका जाणत्या माणसाकडून करून घेतो. ते खोटं नव्हतं. सकाळी ओसरीवर ठेवायचो, संध्याकाळी उचलायचो. आत बसायला मात्र मी जात नव्हतो. एकदोनदा तिने चहाला बोलावलं, तेव्हा मी घाई असल्याचं निमित्त केलं. याची आता लाज वाटते, पण तेव्हा भीती वाटायची.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. पाटाला पाणी आलं, माणसं गावात परतली. श्रावणात एका सकाळी काकी स्वतः माझ्या दुकानात आली. मिस्त्री गेल्यापासून तिला घराबाहेर पडलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिने माझ्यापुढे दोन पट्ट्या ठेवल्या. एकीतलं भोक खोल गेलं होतं, दुसरीत कंगोरे नुसते माजले होते.

"त्ये आता सांगत न्हाईत," ती म्हणाली. "आठ दिस झाले. मी इचारते, इचारते, कायच न्हाई. जागा नुसती रिकामी." डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा थकलेला होता. "त्यो तुटका बिट त्येंचंच ऐकायचा. मला नवा घ्यून द्या. माझा."

आम्ही एस.टी.ने नगरला गेलो. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने बिट माझ्यापुढे मांडले. काकीने ते आपल्याकडे ओढून घेतले. प्रत्येकाच्या धारेवर नख टेकवून पाहिलं, दोन बाजूला सारले. दुकानदार हसला. "मावशी, भाजी न्हाई ही." तिने लक्ष दिलं नाही. पिशवीतून ड्रिल काढलं, घरून आणलेला पट्टीचा तुकडा काढला, आणि दुकानाच्या पायरीवर बसून पट्टी पायांखाली दाबली. पहिला बिट थरथरला. तो परत दिला. दुसरा, तीन धारांचा, तिने हळूहळू फिरवला. ती कुणाला विचारायला थांबली नाही. जिथे थांबायचं तिथे थांबली, कीस पदराने पुसला, माझ्या खिशातला स्क्रू मागून घेतला आणि उलटा करून टेकवला. भोक गोल होतं, गुळगुळीत. दुकानदार वाकून पाहत होता, आता हसत नव्हता.

"ह्यो लोखंडाला," ती म्हणाली. "आन् लाकडाला त्यो, जास्त धारांचा. पन दुसरा दाखवा, ह्याची धार मेली हाय."

त्यानंतर ती दार उघडं ठेवून ओसरीवर बसू लागली. काही जणांनी काम न्यायचं बंद केलं. काही जण नुसते बघायला यायचे आणि बघून झालं की काम ठेवून जायचे. दिवाळीपर्यंत ओसरीवर जागा उरत नव्हती. मीही तिच्याकडे निर्धास्त बसू लागलो. गोणपाट तिने गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं, आणि मिस्त्रींच्या जागेवर गिऱ्हाइकं बसत होती. मला मात्र तिथे बसवत नसे. मी आपला उंबऱ्यावर टेकायचो.