नागपुरातला पहिला घास

साताऱ्याहून निघताना साडीच्या आधी पिशवीत चूर्णाची डबी ठेवली. पोट हा माझा जुना सासुरवास. तपासण्या झाल्या, उपास झाले. शेवटी गावातल्या वैद्यबाईंच्या औषधाने आणि वेळच्या वेळी जेवण्याने ते ताळ्यावर आलं. कायमची सुटका नाही, पण आता ते माझं ऐकतं. लेकीच्या लग्नात मात्र ऐन विहिणीच्या पंगतीला मी खोलीत पोट धरून पडले होते. फोटोत माझं ताट वाढलेलं आहे आणि पाट रिकामा. म्हणून तिच्या डोहाळजेवणाला शेवटपर्यंत पंगतीत बसायचंच, असा पण करून गाडीत चढले.

नागपूर स्टेशनबाहेर जावयांनी पोह्यांच्या गाडीपाशी नेलं. इथे पोह्यांवर तर्री (हरभऱ्यांचा लाल, तिखट रस्सा) ओततात. मी नको म्हटलं.

"बिना तर्रीचे? मंग खाता काहून?" गाडीवाल्याला माझी खरोखरच कीव आली असावी.

मनीषनगरला लेक दारातच उभी होती. सातवा महिना, चेहऱ्यावर तेज. कानाशी येऊन म्हणाली, "आई, जमेल ना गं?"

"बघच तू."

पंगत बसली. वडाभात (डाळीचे वडे कुस्करून कालवलेला भात) आला. विहीणबाई प्रत्येकाच्या भातावर हिंग-मोहरीच्या फोडणीचं तेल ओतत येत होत्या. मी डबी उघडली आणि चिमूटभर चूर्ण तुपात कालवून पहिल्या घासात मिसळलं. त्यांचा हात तिथेच थांबला.

"काहून विहीणबाई, मीठ कमी पडलं काय आमच्या हातून?"

लेकीचा चेहरा उतरला. पाहुणीने वरून काही भुरभुरणं म्हणजे सुगरणीचा अपमानच की! मी आधी तो घास नीट चावून खाल्ला.

"चव झकास आहे हो. हे औषध आहे. हिंग, सुंठ, ओवा. पहिल्या घासाबरोबरच घ्यायचं असतं. तेल मात्र मला चमचाभरच."

"मंग पहिलेच सांगाचं ना! मी तं घाबरूनच गेली!"

समोरून व्याह्यांनी तळहात पुढे केला. "मले बी द्या चिमूटभर. सकाळपासून पोट फुगून राहिलं."

"तुमाले औषध नाही, तेल कमी लागते," विहीणबाई म्हणाल्या, आणि लेक खळखळून हसली.

मी सावकाश जेवले, वर ताक प्यायले, लेकीची ओटी भरली. पोटाने हूं की चूं केलं नाही. अभिमान वाटला, वैद्यबाईंचा आणि हो, माझासुद्धा!

साताऱ्याला पोचले तोवर लेकीने पंगतीचा फोटो पाठवला होता. चष्मा पुसून नीट पाहिला. पाटावर मी बसले आहे आणि ताट रिकामं.