उडवलेलं रीळ

खेमराज गोंदियाच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. उभा जन्म सिनेमात गेला आणि धड एक सिनेमा पाहिला नाही. केबिनच्या झरोक्यातून त्याचं लक्ष एवढ्यावरच, पट्टी तुटली नाही ना, चित्र धूसर झालं नाही ना. गोष्टीशी त्याला काय देणंघेणं!

२००२ साली हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सिनेमा लागला. एक माणूस एकटाच यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे जातो, त्याची म्हातारी आई इकडे वाट पाहते. ना मारामारी, ना गाणी. पब्लिक शिट्ट्या मारू लागलं. मालक छोटेलाल केबिनमध्ये येऊन म्हणाला, "आखरीवाले के पहले का रील उड़ा दे. देवरीवालों की बस छूटती है." असं सगळ्याच टॉकीजमध्ये चालायचं. खेमराजने रीळ उडवलं, थेट शेवटचं लावलं.

नेमकी त्याच शोला त्याची बायको कलाबाई बाल्कनीत बसलेली. त्यांचा पोरगा अश्विन आदल्या वर्षी सुरतला कामाला गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. सिनेमाच्या शेवटी यानातला माणूस आईच्या दारात येऊन उभा राहिला आणि ही बाई ढसाढसा रडली. घरी येऊन म्हणाली, "येवढ्या दूरून तो वापस आला. सुरत तं जवळच आहे."

त्या दिवसापासून तिने रडणं सोडलं. लोक तिला वेडी म्हणत. शेजारी राहून मला मात्र तिचा हेवा वाटायचा. इतकी खात्री कोणाला असते?

पुढे टॉकीज बंद पडली. अश्विनचा पत्ता नव्हताच. कलाबाईचे गुडघे गेले, गोंदियालगतच्या फुलचूरच्या घराबाहेर पडणं थांबलं. २०१० मध्ये खेमराजला बाजारात त्याच सिनेमाची सीडी दिसली. हरखला बिचारा. शेजारी म्हणून मलाही बोलावलं. "टॉकीजमंदी शिट्ट्यांपायी तिले काही आयकू नाही आलं. आता आरामात पायेल," म्हणाला.

भर दुपारी दार लोटून आम्ही तिघं बसलो. टीव्ही लहान, पण घरात शांतता अशी की यानातल्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग ते रीळ आलं. यानातली हवा संपते. माणूस डोळे मिटतो आणि मरता मरता घराचं स्वप्न पाहू लागतो. दार, दारातली आई, सगळं त्या स्वप्नातलं.

खेमराज धडपडत उठला, पण रिमोट हाती लागेना. मला सीडी विकणाऱ्याचा संताप आला; त्याचा काय दोष होता, देव जाणे. कलाबाईने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला.

"टॉकीजमंदी हे नव्हतं," ती म्हणाली.

"मीच कापलं होतं," खेमराज मान खाली घालून म्हणाला. "लोकाइची बस सुटून रायली होती."

ती भिंतीला धरून उठू लागली.

"मंग आजबी कापाचं होतं नं जी."