खिशातले हरभरे

बेसबॉलच्या फायनलच्या सकाळी मी डाव्या खिशात हरभरे भरले आणि उजवा खिसा रिकामा ठेवला. आमच्या पिचरनं एक चेंडू टाकला की एक हरभरा डावीकडून उजवीकडे. डावा खिसा रिकामा झाला की पोरीला बाहेर काढायचं, मग मॅच कुठंही असो. ही पद्धत माझी स्वतःची. सेमीफायनलला मी हरभऱ्यांऐवजी फुटाणे घेतले होते आणि टेन्शनमध्ये त्यातले बरेचसे खाऊन टाकले. खिसा वेळेआधीच रिकामा झाला आणि पोरीला बाहेर यावं लागलं. बाहेर आल्यावर ती माझ्या हलणाऱ्या जबड्याकडं बघत म्हणाली, "सर, माझे चेंडू खाताय का?" आम्ही कसेबसे जिंकलो. म्हणून आता कच्चे हरभरे. दात पडले तरी चालतील, हिशेब चुकायला नको.

मी धारूरच्या घाटाखालच्या एका गावात खेळाचा शिक्षक आहे. बेसबॉल मी कॉलेजात एक वर्ष खेळलो, तोही राखीव खेळाडू म्हणून, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळत. पण शालेय स्पर्धांच्या यादीत खेळ होता, आणि या पोरीचा हात मी एकदा बघितला होता. ही नववीतली, मेंढ्यांच्या घरची. मैदानाच्या कडेला चिंचेवर बसलेला कावळा तिनं एका खड्यानं असा उठवला, की कावळ्याआधी मीच दचकलो. पुढच्या आठवड्यात टीम तयार. बॅट हातात धरून काय करायचं ते बाकीच्या मुलींना मी शिकवलं. हिला मी काहीच शिकवलं नाही. फक्त थांबायला शिकवत होतो, आणि तेच तिला जमत नव्हतं.

मोबाइलवर परदेशी कोचांचे व्हिडिओ बघून मला एक भीती लागली होती. वाढत्या वयात कोपरावर फार ताण आला तर हात कायमचा जातो. तिथं म्हणे लहान पोरांचे चेंडू मोजतात, दिवस मोजतात, मोठी मॅच असली तरी मोजतात. हे मी गावातल्या चहाच्या हॉटेलात सांगितलं, ही माझी चूक.

"म्हंजे पोरीला बी लोडशेडिंग लावलं म्हणा की," हॉटेलवाला म्हणाला.

"ह्यो हात हाय का इहिरीवरची मोटार? इतका येळ चालली की बंद?"

"आमच्या येळी दिसभर विटी-दांडू खेळायचो. कुणाचा हात तुटला का, सांगा?"

"तुझा तुटला नसंल, पर डोस्क्याचं काय झालं ते दिसतंय."

सगळे हसले. मग आमचे मुख्याध्यापक खुर्ची पुढं ओढून हळूच बोलले, आणि हसणं थांबलं. "सर, ही पोरगी न्हाई तर टीम न्हाई. फायनल जिंकलो तर विभागाला जाऊ. आपल्या शाळेतून आजवर कुणी गेलेलं न्हाई. फायनलला मोजमाप बंद ठेवा."

"हात गेला तर?"

"जाईल कावून? लेकरू हाय ते, रबरावानी."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही नक्की माहीत नव्हतं. त्यांनी ती हो अशी धरली.

सेमीफायनल आणि फायनलच्या मधे दोन दिवसांची सुट्टी पडली, कारण बीडच्या मैदानावर कुणीतरी सभेचा मंडप घातला होता. मला तर देवच पावला. मी पोरीला समोर उभं करून बजावलं, "दोन दिवस पूर्ण विश्रांती. चेंडूला हात लावायचा नाही. शाळेतसुद्धा येऊ नको, घरीच राहा." ती म्हणाली, "जी सर." इतक्या पटकन ती कधीच ऐकत नसे. माझ्या मनात शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मी त्या दोन दिवसांत हॉटेलात बसून विश्रांतीचं शास्त्र या विषयावर फुकट व्याख्यानं दिली.

फायनल शहरातल्या एका शाळेशी होती. त्यांचे बूट सारखे, टोप्या सारख्या. आमच्यात टोप्या पाचच होत्या, त्या आळीपाळीनं घालत होतो. गाव दोन टेम्पो भरून आलं होतं, आणि खेळ कुणालाच कळत नसल्यामुळे आवाज मात्र सतत होता. पोरीनं सुरुवात चांगली केली. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हजमध्ये थापकन बसायचा आणि माझा एक हरभरा या खिशातून त्या खिशात जायचा. शेवटची इनिंग आली तेव्हा आम्ही एका रननं पुढं होतो आणि डावा खिसा अजून चांगला फुगलेला होता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग तिनं चेंडू टाकल्यावर उजवा हात झटकला. पाण्याचे थेंब उडवावेत तसा. मी म्हटलं, घाम असेल. पुढच्या चेंडूनंतर परत झटकला. एक मुलगी आउट झाली, दुसरीही झाली, पण मधे समोरच्यांच्या दोघी बेसवर जाऊन उभ्या राहिल्या. चेंडू आता थापकन बसत नव्हता. खाली पडत होता.

"हात दुखतोय का गं?" मी मैदानाबाहेरून ओरडलो.

"न्हाई सर!"

तेवढ्यात तिची आई माझ्या शेजारी येऊन टेकली. तिला मॅचचं काही पडलेलं नव्हतं. लेक मधोमध उभी आहे आणि सगळे तिच्याकडं बघताहेत, एवढं तिला पुरेसं होतं.

"सर, तुमचे लई उपकार झाले बघा."

"कशाचे, बाई?"

"पोरीला दोन दिस सुट्टी दिली न्हवं. बाजरी भरात हाय, पाखरं नुसती तुटून पडलीत. ह्यांच्याच्यानं होईना, मी मेंढरांमागं. ही दोन दिस मचाणावरून उतरली न्हाई. उजाडल्यापासून दिवेलागणीपतूर गोफण. एक कणीस खाऊ दिलं न्हाई पाखराला."

माझा हात खिशातच राहिला. गोफण म्हणजे दोरीत दगड घालून डोक्यावर गरगर फिरवायचा आणि सोडायचा. तोच खांदा, तेच कोपर, तोच झटका. मी इथं एकेक हरभरा मोजत होतो आणि तिकडं दोन दिवस दगडांचा पाऊस पडला होता. विश्रांती घे म्हटलं तर आमच्याकडं माणूस रानात जातो, हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला कळायला नको होतं का? मला सुट्टी मिळाली की माझा बाप काय करायचा? खुरपं हातात द्यायचा.

मी टाइम मागितला आणि आत गेलो. पाठीमागून हॉटेलवाल्याचा आवाज आला, "ओ मास्तर, तुमी कुठं निघाला?"

पोरीनं चेंडू पाठीमागं लपवला, जसा काही मी तो हिसकावणारच होतो.

"गोफण मारायला कुणी सांगितलं होतं?"

"तुमी चेंडूला हात लावू नको म्हणलं होतं. मी लावला न्हाई. गोफणीत दगूड असतो."

मी तिच्या उजव्या हाताकडं बोट केलं.

"दुखतंय?"

तिनं पायानं माती उकरली. मग म्हणाली, "थोडं."

"कुठं?"

तिनं डाव्या हाताचं बोट कोपराच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. ही मुलगी पायात बाभळीचा काटा मोडल्यावर तो शाळा सुटल्यानंतर काढणारी. तिचं थोडं म्हणजे किती, याचा अंदाज मला होता.

"सर, एकच आउट ऱ्हायलाय. एकच. मग म्हणाल तितकं दिस बसते. मला विभागाला जायचंय सर." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर सोपं झालं असतं.

मुख्याध्यापक कडेपर्यंत आले होते. "सर, येडे झालात का? खिसा बघा तुमचा, भरलेला हाय अजून!"

खिसा खरंच भरलेला होता. माझ्याच नियमानं ती अजून बराच वेळ खेळू शकत होती. मी तिच्यापुढं हात पसरला. तिनं बराच वेळ चेंडू दिला नाही, आणि दिला तेव्हा माझ्याकडं न बघता, तळहातावर आपटून दिला.

तिसऱ्या बेसवरच्या मुलीला मी पिचर केलं. तिचे चार चेंडू चार दिशांना गेले, समोरच्यांना एक बेस फुकट मिळाला आणि तिन्ही बेस भरले. पाचवा बरोबर मधोमध गेला, आणि समोरच्या मुलीनं तो आमच्या टेम्पोपर्यंत धाडला. दोघी पळत होम बेसला आल्या, म्हणजे दोन रन. आम्ही हरलो.

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, जिंकायचं न्हवतं तर आणलं कावून आमाला इथवर?"

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी माझ्याशी बोललं नाही. मी हरभरे चावत बसलो. आता ते मोजायचे नव्हते.

हाडांच्या डॉक्टरांनी कोपर दाबून, वाकवून बघितलं, फोटो काढला. सूज आहे, आत ताण बसलाय, काही आठवडे हाताला पूर्ण आराम, म्हणाले. मी मोठ्या आशेनं विचारलं, "आणखी टाकले असते तर हात गेला असता ना?" ते म्हणाले, "गेला असता, किंवा काहीच झालं नसतं. सांगता येत नाही." मुख्याध्यापक सोबत आले होते. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी पाठ करून ठेवलाय, आणि स्टाफरूममध्ये चहा आला की तो म्हणतात.

पोरीच्या आईला मी आरामाचा अर्थ नीट समजावून सांगितला. गोफण नाही, कोयता नाही, घागर नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाजरी कोण राखील?"

तिथं एकच माणूस असा होता की ज्याला संध्याकाळी हॉटेलात कुणी बसू देत नव्हतं.

तेव्हापासून बाजरी निघेपर्यंत शाळा सुटली की मी मचाणावर. माझा पहिला दगड पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि माझ्याच मोटारसायकलचा दिवा फुटला. पाखरांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा कणसात घातली. खाली सावलीला पोरगी बसलेली, उजवा हात गळ्यात बांधलेला, माझ्याशी अबोला धरलेला. तिच्या ओटीत फुटाणे होते. मी दगड सोडला की ती एक फुटाणा उजव्या बाजूला ठेवायची. दोन दिवस ती फक्त फुटाणे हलवत राहिली.

तिसऱ्या दिवशी माझा खांदा असा धरला की गोफण वर जाईना. तरी मी फिरवली, कारण तिची आई बांधावरून बघत होती. तेवढ्यात खालून आवाज आला.

"सर, उतरा. तुमचे संपले."

मी वाकून बघितलं. तिच्या डाव्या बाजूला एकही फुटाणा नव्हता. उजव्या बाजूलाही नव्हता. आणि ती चावत होती.